खाडीपरी आणि तिवराच्या बिया

समुद्राचं निळं बोट जिथे हळूच जमिनीत शिरतं, तिथे खाडीच्या काठी वेणू नावाची एक चिमुरडी आपल्या आईबरोबर राहायची. घर म्हणजे चंद्रमौळी खोपटं आणि शेत म्हणजे मातीच्या बांधाआडचा एवढासा तुकडा.

पूर्वी त्या बांधाबाहेर खाऱ्या चिखलात तिवराच्या झाडांचं, लाटा अडवणारं हिरवंगार रान होतं. माणसांनी ते तोडलं. कुणी चुलीसाठी, कुणी वीटभट्टीसाठी, तर कुणी कोळंबीची तळी खणण्यासाठी. त्यातच जग तापत चाललं, तसा समुद्रही फुगत चालला. एका मोठ्या उधाणाला लाटा बांध फोडून थेट भातात शिरल्या. शेतावर मिठाची पांढरी साय धरली, पोपटी रोपं करपून गेली. खेकडे गेले, मासे गेले, मग बगळेही उडून गेले.

आई दुसऱ्यांच्या कामाला जाऊ लागली. संध्याकाळी ती म्हणायची, "मी वाटेत खाल्लं गं, तू जेव." वेणूला कळायचं, आईने सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही. मग ती भाकरीचा अर्धा तुकडा आईच्या तोंडात कोंबायचीच.

एका सकाळी वेणू वाहून आलेल्या काटक्या गोळा करायला खाडीवर गेली. तिवराचं एकच झाड उरलं होतं. त्याच्या फांदीला जाळ्याचा फाटका तुकडा गुंडाळला होता, आणि त्यात काहीतरी लुकलुकत, फडफडत होतं.

वेणू गुडघाभर चिखलात शिरली. बोटं कापली, तरी तिने एकेक दोरा हलकेच सोडवला. आणि आतून बाहेर आली अंगठ्याएवढी इवलीशी परी! तिचे पंख शिंपल्याच्या पोटासारखे, जरा गुलाबी, जरा जांभळे, जरा चंदेरी. अंगात फेसाचा झगा. हिरव्या केसांत मिठाचे कण हिऱ्यांसारखे चमचमत होते.

"मी खाडीपरी," ती म्हणाली. "तीन गोष्टी माग, बाळ. पण नियम ऐक. मी नवीन काही घडवत नाही. एकीकडचं उचलून दुसरीकडे ठेवते. आणि मागून नको म्हटलंस, तरी ती इच्छा संपली."

"आमच्या शेताला गोडं पाणी दे!" वेणू लगेच म्हणाली. मग थबकली. "पण... ते तू आणशील कुठून?"

"डोंगरापलीकडच्या वाडीच्या झऱ्यातून."

"मग तिथली मुलं काय पितील? नको, नको!"

एक इच्छा विरून गेली.

"बरं, आमच्या शेताला उंच दगडी बांध दे. दगड कुठले गं?"

"डोंगर फोडून. आणि तुमच्या बांधावर आपटलेली लाट शेजारच्या शेतात जाईल."

शेजारी म्हातारा पदाजी आजा राहायचा. त्याचं शेत वेणूला डोळ्यांसमोर दिसलं. "तेही नको," ती पुटपुटली.

आता एकच इच्छा उरली. वेणूच्या पोटात भूक ओरडत होती. तांदळाचं पोतं मागावं? पण तेही कुणाच्या तरी कणगीतूनच येणार! ती रडवेली झाली. तेवढ्यात झाडावरून टपकन एक हिरवी बी पाण्यात पडली आणि ओहोटीबरोबर दूर निघाली.

"परी, या बिया कुठे जातात?"

"काही किनाऱ्याला रुजतात. बाकीच्या भर समुद्रात जाऊन कुजतात."

"मग त्या कुजणाऱ्या बियाच मला आणून दे! त्या घेतल्या, तर कुणाचं काही जाणार नाही ना?"

परीचा चेहरा पहाटेसारखा उजळला. "किती जणांनी माझ्याकडे काय काय मागितलं! पण कुठून आणशील, असं विचारणारी तूच पहिली." तिने पंख झटकले, आणि भरतीच्या लाटेवर हिरव्या बियाच बिया नाचत आल्या. "रुजवायचं मात्र तुम्ही," असं म्हणून ती दिसेनाशी झाली.

वेणू आणि आई चिखलात बिया लावू लागल्या. लोक हसले. "काय गं, चिखलाचं पीक घेता?" काही रोपं शेळ्यांनी खाल्ली, काही लाटांनी नेली. मायलेकी पुन्हा लावत राहिल्या. पदाजी आजा काठी घेऊन राखणीला बसला. मग गावातली पोरंही आली, फुटलेला बांध मातीने सांधला.

वर्षं गेली. तिवरं वाढली. त्यांच्या मुळांत पिटुकले मासे लपंडाव खेळू लागले, लाल खेकडे आले, बगळ्यांनी शेंडे पांढरे केले. पुन्हा मोठं उधाण आलं. धावत आलेली लाट त्या हिरव्या गर्दीत अडकली, दमली आणि बांधाशी येऊन नुसती कुजबुजली. पावसांनी वेणूच्या शेतातलं मीठ धुऊन नेलं होतं. त्या साली भात लवलवून आला.

पहिल्या भाताची वाफ दारात दरवळली, तेव्हा उंबऱ्यावर परी येऊन बसली. "आता तुला काय हवं, वेणू?"

"काही नको. तू जेवायला ये."

"माझ्याकडे आजवर सगळ्यांनी काही ना काही मागितलं," परी म्हणाली. "जेवायला कुणीच बोलावलं नव्हतं."

वेणूने तुळशीच्या पानावर भाताचं एक शीत वाढलं. परीने ते दोन्ही हातांत धरून चवीने खाल्लं. मग तिच्या पंखांतून सोनेरी, पोपटी, मोतिया प्रकाश झरू लागला. तो अंगणातून बांधावर गेला, बांधावरून गावातल्या अजून पांढऱ्याच राहिलेल्या साऱ्या शेतांवर पसरला, आणि जिथे जिथे टेकला तिथे तिथे मीठ विरघळून परत समुद्राकडे गेलं आणि काळीभोर माती वर आली.

उंबऱ्यावर आता फक्त उजेड होता. आणि आई, किती वर्षांनी, पोटभर जेवत होती.