कठड्यावरचे कोच

"काढू का ठेवू? एवढं एकच सांगा, वस्ताद. संध्याकाळी मीटिंग आहे."

गनी वस्तादांनी तांब्या कलता केला. कुस्तीच्या हौद्याच्या कठड्यावर बसून ते तांबड्या मातीवर ताक शिंपत होते. खाली इंद्रजित पैलवान फावड्यानं माती वरखाली करत होता.

धैर्यशील सासने उभाच राहिला. जोडविहीर तालमीचा अध्यक्ष तो. याच हौद्यात वस्तादांच्या हातचा मार खाऊन मोठा झाला, आणि आता त्याच्या एका हाकेवर सगळी पेठ गोळा व्हायची. पण तालमीचा फुटबॉल संघ या हंगामात हरत सुटला होता. येत्या रविवारचा शेवटचा सामना गेला, की संघ सीनियर गटातून खाली. आजोबांच्या काळापासून जे कधी घडलं नव्हतं, ते धैर्यशीलच्या अध्यक्षपदाखाली घडणार होतं.

पेठेनं दोषी केव्हाच शोधला होता. कोच उदय हिरुगडे.

कोल्हापुरात हे नवं नाही. संघ जिंकला की मिरवणुकीच्या जीपवर उभं राहायला सगळी कमिटी असते. हरला की कापायला मान एकट्या कोचची.

मात्र जोडविहीर तालमीत कुणाला नेमायचं किंवा काढायचं तर वस्तादांचा शब्द घ्यावा लागे. म्हणून धैर्यशील आला होता. शब्द घ्यायला, सल्ला घ्यायला नव्हे. बरोबर तिघे होते. सेक्रेटरी बंडा, उपाध्यक्ष नाना आणि खजिनदार विलास. तिघेही एकेकाळी तालमीच्या संघातून खेळलेले, आणि ते कुणाला विसरू न देणारे.

"वस्ताद, काय तरी बोला की," बंडा म्हणाला.

"उदय कुठाय?" वस्तादांनी विचारलं.

"त्याला कशाला बोलवायचं?"

"मी निरोप धाडलाय. येईल."

धैर्यशीलच्या कपाळावर आठी पडली. ज्याचा निकाल लावायचा त्यालाच समोर बसवायचं, हे त्याला पटलं नाही.

"त्याच्यात दम न्हाई, वस्ताद," तो म्हणाला. "पोरं त्याचं ऐकत न्हाईत. मॅच चालू असताना हा लाइनीला हाताची घडी घालून उभा! तोंडातनं शब्द न्हाई."

"मग पोरं कुणाचं ऐकतात?"

"आम्हीच ओरडून सांगतो. करणार काय?"

"तुम्ही म्हंजे?"

"मी, नाना, बंडा, विलास… अनुभव हाय आमचा."

"मागच्या मॅचला मी नसतो तर तीनच्या जागी पाच गोल बसले असते," नाना म्हणाला.

"तू डिफेन्सला वर बोलावलंस म्हणून तर तीन बसले!" विलास उसळला.

"वर मी बोलावलं? बंडानं बोलावलं!"

"मी फॉरवर्डला सांगत होतो! डिफेन्स कशाला पळत आला, मला काय ठावं?"

वस्तादांनी तांब्या खाली ठेवला.

"फॉरवर्डला कोण हाय सध्या?"

तिघांनी धैर्यशीलकडे बघितलं. इंद्रजितनं फावडं थांबवलं आणि मान खाली घालून हसू दाबलं.

"माझा भाचा," धैर्यशील म्हणाला. "पोरगं चांगलं हाय."

"उदयनं निवडलं?"

"…त्यानं नको म्हटलं न्हाई."

वस्ताद कठड्यावरून उठले. गुडघ्यावर हात टेकत हौद्यात उतरले. मूठभर माती उचलली, आणि काही कळायच्या आत धैर्यशीलच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर फेकली.

तिघं मागं सरून कठड्यावर बसले.

जोडविहीर तालमीतल्या कुणालाही याचा अर्थ विचारावा लागत नाही. वस्तादांनी माती टाकली की कुस्ती धरायची. वय, पद, आजारपण, काही सांगायचं नाही.

"वस्ताद! ह्या वयात?"

वस्तादांनी फक्त इंद्रजितकडे बोट केलं.

धैर्यशीलचं तोंड तांबडं झालं. पण तिघं बघत होते. त्यानं शर्ट काढून नानाच्या हातात दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हौद्यात उडी मारली. पाय मातीला लागले मात्र, अंगात जुनं काहीतरी सळसळलं. त्यानं दंड थोपटले. इंद्रजितनं वाकून वस्तादांच्या पायाला हात लावला, धैर्यशीलला सलामी दिली आणि भिडला.

"पट काढ, धैर्या, पट!" बंडा ओरडला.

धैर्यशील वाकला.

"खुळा हायस काय! मागं सर!" नाना.

तो मागं सरला. इंद्रजितनं मनगट धरलं.

"ढाक लाव, ढाक! आता न्हाई तर कधी!"

"ढाक नको! मान सोडव आधी!"

"डावा पाय! आरं, डावा!"

धैर्यशीलनं डावा पाय टाकला तोवर उजव्याखालची माती गेली. इंद्रजित कमरेत शिरला. दोघं धाडकन आदळले. धैर्यशील पोटावर, वर इंद्रजितचं सगळं वजन. तोंडात माती, कानात तिघांचे आवाज.

"उठ! उठ!"

"उठू नको, तसाच पड, दम घे!"

"हात आत घे! आत! आरं, ऐकू येतंय का न्हाई?"

इंद्रजितनं पाठीवरून हात घालून त्याला उलटायला सुरुवात केली. एक खांदा मातीला टेकला. दुसरा टेकायला वीतभर अंतर होतं. मीटिंगला पाठीवर माती घेऊन जायचं, पेठेच्या अध्यक्षानं? धैर्यशीलच्या मानेच्या शिरा फुगल्या. काहीतरी सुचत होतं, हातात येत होतं, आणि प्रत्येक वेळी वरून कुणीतरी ते हिसकावून नेत होतं.

"कड बदल, कड!"

"बदलू नको!"

"गप्प बसा रे!" धैर्यशील गरजला. "गप्प बसा सगळे! मी लढतोय का तुम्ही?"

कठड्यावरचे आवाज चाकूनं कापल्यासारखे थांबले.

त्या शांततेत धैर्यशीलनं एकदाच श्वास घेतला. इंद्रजितचं मनगट चाचपलं, काखेत दाबलं, खालून कंबर फिरवली आणि सरकन बाहेर निसटला. गुडघ्यावर आला. उभा राहिला! खुद्द इंद्रजितला इतकं आश्चर्य वाटलं, की तो "वा!" म्हणाला.

"सोडा," वस्ताद म्हणाले.

धैर्यशील धापा टाकत उभा राहिला. अंगभर तांबडी माती, आणि चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न आलेलं हसू. ते हसू हळूहळू मावळलं. त्यानं कठड्यावरच्या तिघांकडे बघितलं. मग वस्तादांकडे.

"कळलं, वस्ताद," तो हळू आवाजात म्हणाला. "ठेवतो उदयला."

"ठेव म्हटलं मी?"

"…मग? काढू?"

वस्ताद दाराकडे बघत होते. दारात उदय हिरुगडे उभा होता. खांद्यावर फुटबॉलची जाळी. केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक.

"उदय," वस्ताद म्हणाले, "ह्यो एका पकडीत ओरडला. तू दोन हंगाम का गप्प?"

उदयनं जाळी खांद्यावरून उतरवली. एक चेंडू सुटून घरंगळत हौद्याच्या कडेला येऊन थांबला. तो उचलायलाही कुणी हललं नाही.

"वाटलं, तालमीची मोठी माणसं… मान राखावा," तो म्हणाला.

"राखला की. आणि संघ?"

उदयच्या जबड्याचं हाड हललं. तो हौद्यापाशी आला. तिघांना ओलांडून थेट धैर्यशीलसमोर उभा राहिला.

"अध्यक्ष, रविवारी तुम्ही चौघं मैदानात न्हाई यायचं. गॅलरीत बसायचं, तिकीट काढून. लाइनीला मी एकटा. गॅलरीतनं ज्याचा आवाज आला, त्याला मी पोलिसाकडनं बाहेर काढीन. तुमचा भाचा बाकावर बसणार. दम न्हाई त्याच्यात, मामाचा दम खेळात चालत न्हाई!"

"ए!" बंडा कठड्यावरून उठला.

"आणि बंडादादा, तुम्ही गप्प बसा. मी बोलतोय."

बंडा बसला. का बसला ते त्यालाही कळलं नाही.

धैर्यशीलचा मातीनं माखलेला चेहरा रागानं आणखी लाल झाला. मघाशी कळलेलं सगळं एका क्षणात मागं पडलं.

"ऐकलंत, वस्ताद? माझ्या तालमीत, माझ्या तोंडावर! ह्यानं मला तिकीट काढायला सांगावं? संध्याकाळी सगळी पेठ जमणार हाय. आता तुम्हीच सांगा, ह्याला काढू का नको?"

वस्तादांनी वाकून कडेचा चेंडू उचलला. तळव्यानं त्याच्यावरची माती पुसली आणि तो उदयच्या हातात दिला.

"मघाशी तुझ्याकडं कोचच न्हवता, धैर्या. काढणार कुणाला होतास? …आत्ता आलाय. बघ, आता काढवतोय का."