कोंदरच्या सायबिणीचा चंद्र

या, इकडच्या बाजूने या. खिडकीतलं ऊन इथे पडतं, म्हणजे पायाखालचं नीट दिसेल. ही आमची कोंदरची सायबीण, येशूची आई. फणसाच्या एका ओंडक्यातून कोरलेली आहे. तिच्या पायाखाली गोळा दिसतोय, तो चंद्र. त्याच्यावरून हात फिरवा, कोणी काही म्हणणार नाही. डावीकडे काचेसारखा गुळगुळीत लागेल आणि उजवीकडे गेलात की खड्डेच खड्डे. पाहुणे विचारतात, वाळवी लागली होती का? वाळवी नाही. दोन्हीकडचं काम माणसांनीच केलेलं आहे.

ही हकीकत फिरंग्यांच्या अमलातली. मला माझ्या आज्याने सांगितली. तेव्हा या देवळात आन्सेल्म नावाचा पाद्री आला. मोठा विद्वान होता, असं सांगतात. त्याच्या मुलखात त्या काळी आभाळाचा अभ्यास जोरात चालला होता. नळीत भिंगं बसवून ग्रहतारे पाहायची विद्या नवीनच निघाली होती, आणि ती तो एका नावाजलेल्या गुरूकडे शिकला होता. येताना कापडात गुंडाळून एक नळी त्याने बरोबर आणली होती. इथे त्याच्याशी असल्या गोष्टी बोलणार कोण? पण लोरेस सुताराशी त्याचं जमलं.

लोरेस देवळासाठी मूर्ती कोरायचा. गावात देवीची साथ आली तेव्हा त्याची बायको गेली. मुलगी कातरीन, तीही तापाने फणफणली होती. तिला वाचवायला बाप काय नाही करणार? लोरेसचा बाप्तिस्मा झालेला, रविवारची मिस, म्हणजे देवळातली उपासना, चुकवत नसे. तरी त्या दिवशी तो रानात गेला आणि त्याच्या पूर्वजांची जी देवी होती, तिच्या दगडापुढे नारळ ठेवून आला. पोर वाचली. चेहराभर व्रण राहिले, पण वाचली.

बाटलेल्या माणसाने जुन्या देवाकडे जाणं हा फिरंग्यांच्या राज्यात फार मोठा गुन्हा. लोरेसने ते कोणाला सांगितलं नव्हतं. पुढे कातरीन मोठी झाली, तरी ते त्याला आतून खात होतं. शेवटी त्याने आन्सेल्मपाशी कुमसार केला. कुमसार म्हणजे आपल्या पापाची कबुली. जाळीमागे बसलेल्या पाद्रीला जे सांगाल ते त्याने मरेपर्यंत पोटात ठेवायचं असतं. आन्सेल्म त्याला म्हणाला, "बाप घाबरला होता. देवाला बाप कळतो. जा, पुन्हा मनात आणू नकोस." त्या दिवसापासून लोरेसने त्या माणसासाठी जीवसुद्धा दिला असता.

मग ही मूर्ती करायचं ठरलं. सायबीण चंद्रावर उभी आहे असं शास्त्रात सांगितलेलं आहे, म्हणून लोरेसने पायाखाली छान वाटोळा, गुळगुळीत चंद्र कोरला. आन्सेल्मने पाहिला आणि हसला. "चंद्र असा नसतो, लोरेस. संध्याकाळी ये."

दिवेलागणीला अंगणात नळी लावली. लोरेसने डोळा लावला आणि म्हणे मागेच सरला. चंद्रावर डोंगर होते, खड्डे होते, त्या खड्ड्यांत सावल्या होत्या. त्याने पुन्हा डोळा लावला. मग विचारलं, "पाद्रे, हे कोरलं तर पाप लागेल का?"

"देवाने जे केलं ते पाहण्यात पाप कसलं? दिसलं तसं कोर. कोणी विचारलं तर मी आहे ना."

लोरेसने तसंच कोरलं. मूर्ती उभी राहिली आणि गावाला आवडली. साथीत चेहरे गेलेल्या बाया येऊन चंद्राला हात लावायच्या आणि तोच हात आपल्या गालावरून फिरवायच्या. कातरीनही फिरवायची.

पुढच्या सणाला किल्ल्यावरचा एक फिरंगी अंमलदार आला. त्याने त्याच्या देशात सायबिणीची पुष्कळ चित्रं पाहिली होती, आणि प्रत्येकात चंद्र निष्कलंक. इथला पाहून तो भडकला. सायबिणीच्या पायाखाली रोगट चंद्र ठेवणारा हा कोण? त्याने वर कळवलं, आणि धर्माची चौकशी करणारे लोक गावात उतरले.

नेमकं त्याच सुमारास आन्सेल्मच्या मुलखाकडून एक जहाज आलं होतं. त्याच्या गुरूला आभाळाबद्दल तोंड बंद ठेवायचा धर्मपीठाचा हुकूम झाल्याची बातमी त्या जहाजाने आणली. ती गावात कोणाला ठाऊक नव्हती, आन्सेल्मला होती.

इथेच, या फरशीवर, सगळं गाव उभं केलं. लोरेस घाबरला नव्हता. "मी पाहिलं तसं कोरलं," तो म्हणाला.

"कुठे पाहिलंस?"

"पाद्रींच्या नळीतून."

सगळ्यांनी आन्सेल्मकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्यापाशी नळी नाही. मी याला काही दाखवलेलं नाही."

आपण नीट ऐकलं नाही असंच लोरेसला वाटलं, म्हणतात. चौकशीवाल्याने पाद्रीलाच विचारलं, "मग हे खड्डे कसले?"

इथे तो गप्प राहिला असता तरी चाललं असतं. माझा आजा सांगताना इथवर आला की नेहमी थांबायचा. आन्सेल्म गप्प राहिला नाही. तो म्हणाला, "याच्या मुलीचा चेहरा पाहा. ती आजारी असताना रानातल्या देवीला नारळ कोणी ठेवला, तेही याला विचारा."

लोरेसने नाकारलं नाही. तो ना रडला ना ओरडला. त्याने एवढंच विचारलं, "पाद्रे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आन्सेल्मने मान खाली घातली. आणि सगळ्या गावाला कळलं.

लोरेसला गलबतावर वल्ही मारायला पाठवलं. तो परत आला नाही, त्याची माती कुठे झाली तेही कळलं नाही. जाताना चौकशीवाले सांगून गेले की चंद्र घासून साफ करा. गावातला एकही सुतार तयार होईना. कोणाचा हात दुखत होता, कोणाच्या कानशीला धार नव्हती. शेवटी आन्सेल्मने लोरेसचीच कानस उचलली आणि इथे गुडघ्यावर बसून घासायला लागला. डावीकडून सुरुवात केली. अर्ध्यावर आला होता तेव्हा कातरीन आत आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"हा माझा चेहरा आहे म्हणालात ना?"

तो घासतच राहिला.

"मग आधी हा घासा," असं म्हणून तिने आपला गाल त्याच्या हातातल्या कानशीजवळ नेला.

त्याने कानस खाली ठेवली. काम पुरं झाल्याचं वर कळवून टाकलं, आणि पाहायला कोणी आलं नाही.

तुम्हाला वाटेल त्याला पश्चात्ताप झाला असेल, त्याने सगळं कबूल केलं असेल. तसं काही घडल्याचं कोणी सांगत नाही. तो म्हातारा होईपर्यंत इथेच होता. लोक मिसेला यायचे, पोरांचे बाप्तिस्मे त्याच्याच हातून व्हायचे, मढ्यावर मातीही तोच घालायचा. पण शनिवारी तो जाळीमागे बसला की समोर कोणी गुडघे टेकत नसे. कातरीन खाडी ओलांडून पलीकडच्या गावच्या देवळात कुमसाराला जाऊ लागली होती, आणि तिच्यामागून सगळं गाव. एकदा त्याने तिला धक्क्यावर अडवलं. काही सांगायचं होतं म्हणे त्याला. ती होडीत चढता चढता म्हणाली, "सांगायचं असेल तर पलीकडे चला, पाद्रे. तिथे पाद्री आहे."

तो गेला की नाही? काहीजण म्हणतात, एकदा गेला. माझा आजा म्हणायचा, कधीच नाही.

आजही कोंदरची माणसं आपल्या देवळात कुमसार करत नाहीत. लग्नं इथे, सण इथे, कबुली मात्र खाडीपलीकडे. दर शनिवारी दुपारी धक्क्यावरून होडी सुटते, ती मीच नेतो. आत्ताचे फादर नवीन आले तेव्हा पहिले काही शनिवार इथे बसून राहिले. भला माणूस. मग एकदा त्यांनी मला विचारलं, "दुमिंगकाका, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "तुमचं नाही, फादर." आणि हे सगळं सांगितलं. पुढच्या शनिवारी ते धक्क्यावर आले, झगा सावरत होडीत चढले, आणि आमच्यातच जागा करून बसले.