समोरचं स्टूल

“तुमच्या वेळी असं झालं असतं, तर तुम्ही गप्प बसला असता का, बाई?”

शार्दूलने कप आदळला. निम्मा चहा बशीत.

बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, कुमुदआत्या. जन्मभर रेडिओवर निवेदिका होत्या. माईकपलीकडे एक रिकामं स्टूल ठेवून घ्यायच्या, ऐकणाऱ्यासाठी; तिथे एकच माणूस बसलाय असं धरून त्याच्याशी बोलायच्या. शार्दूलला माईकवर बोलायला त्यांनीच शिकवलं. पुढे तो खासगी स्टेशनवर गेला, चौकाचौकात त्याचे फोटो लागले, आणि तिथे तो त्या स्टुलाची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. हे आत्यांच्या कानावर आलेलं होतं.

आज तो थेट स्वयंपाकघरात येऊन बसला.

“झालं काय?” आत्यांनी विचारलं.

“माझी जुनी रेकॉर्डिंगं मशीनला ऐकवली. आता सकाळी मशीनच बोलतं, माझ्या आवाजात! आणि मला म्हणाले, या आता तुम्ही. दुसऱ्या स्टेशनवर काम मागायला गेलो, तर तिथे म्हणतात, तुम्ही तर रोज लागता की हो तिकडे!”

“मेले चोर,” आत्या म्हणाल्या. “तक्रार कर. साक्षीला मी येते.”

“ती करणारच. पण लोक कसे खपवून घेतात? एकाने तरी फोन करावा ना, आमचा शार्दूल कुठे गेला म्हणून!”

आत्या माझ्याकडे वळल्या.

“केतकी, लग्न होऊन आलीस तेव्हापासून रोज सकाळी याला लावतेस. हा गेला, ते तुला कधी कळलं?”

मी तव्यावरची पोळी उलटली. खोटं बोलावं असं वाटलं…

“आत्ता. हे सांगताहेत तेव्हा.”

शार्दूल लाल झाला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं.

“अहो वहिनी, माणूस बोलतोय की मशीन, एवढंही कळत नाही तुम्हाला?”

राग मलाही आला होता. नवरा कामावर, आत्या फिरायला. त्या वेळी या घरात माझ्याशी बोलणारा तेवढाच एक आवाज. तो बदलून टाकला, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

“मग मी करू काय, बाई? बोलू कुठे?”

आत्यांनी गॅस बंद केला. ओट्याखालचं स्टूल पायाने ओढलं आणि मला त्यावर शार्दूलसमोर बसवलं.

“हं. बोल.”

“इथे?”

“इथेच.”

त्याने घसा साफ केला, मान ताठ केली आणि तो माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाला,

“नमस्कार मंडळी!”

आत्यांनी हात वर केला.

“मंडळी कुठे आहेत? ती एकटीच आहे.”