फिका पडलेला जमुनिया

"पण फिका पडलाच कसा, बाबा?"

प्राध्यापक रमाकांत टेंभेकरांनी बोट पुढे केलं. अंगठीतला जमुनियाचा खडा एकेकाळी पिकल्या जांभळासारखा गडद होता. आता तो पाणी घातलेल्या सरबतासारखा दिसत होता.

नूरशाह बाबा गोधडीला टाका घालत होते. डोंगरातल्या जमुनियाच्या बंद पडलेल्या खाणीशेजारी या फकिराची मठी, म्हणजे तकिया होता.

"उन्हानं," ते म्हणाले. "या दगडाचा रंग उन्हात उतरतो."

"दुकानदारानं हे सांगितलं नाही."

"तो कशाला सांगेल?"

दारू सोडणाऱ्यानं आपली शेवटची बाटली न उघडता तकियाच्या भिंतीशी आणून ठेवायची, अशी तिथली रीत होती. टेंभेकरांनीही ठेवली होती. ठेवली, आणि थेट बाजारात जाऊन ही अंगठी घेतली. तेव्हापासून दारूचा थेंब नाही. खड्यानं सोडवली, असं ते वर्गात सांगत, सत्कारात सांगत, पानाच्या टपरीवरही सांगत. त्यांच्या शब्दावर गावातल्या अर्ध्या बेवड्यांनी अंगठ्या घेतल्या. दुकानदाराचा बंगला झाला. बेवडे होते तिथेच राहिले.

"उद्या धाकटीचं, शर्वरीचं लग्न आहे," टेंभेकर म्हणाले. "थोरलीच्या लग्नात मी पिऊन पंगतीत व्याह्यांची कॉलर धरली होती. ही म्हणते, पप्पा, या वेळी तसं झालं तर मी बोहल्यावरून उतरेन... उतरेलही ती. माझीच मुलगी आहे. तुमच्या खाणीतला गडद खडा द्या, बाबा. आजच्या आज बसवून घेतो."

"काढ बघू ही."

टेंभेकरांनी अंगठी काढून दिली. बाबांनी ती गोधडीला पुसली, न्याहाळली आणि कफनीच्या खिशात टाकली.

"एवढं काय आहे रे या खड्यात?"

आता टेंभेकर सावरून बसले. हा प्रांत त्यांचा होता.

"लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकले. त्या पोकळीत पाणी झिरपत राहिलं, लाखो वर्षांत स्फटिक धरले, आणि लोखंडाच्या अंशानं जांभळे झाले. राजांनी मुकुटात घातला, पाद्र्यांनी बोटात. ग्रीक लोक तर याच्या प्याल्यातून मद्य पीत. चढू नये म्हणून! त्यांनी नावच ठेवलं होतं, न झिंगलेला."

"चढत नव्हती?"

"त्यांची श्रद्धा होती तशी."

"आणि तुझी?"

"माझा अनुभव आहे, बाबा."

बाबा उठले. खाणीतून निघालेला एक गोटा कोपऱ्यात पडला होता, मधोमध फुटलेला. बाहेरून काळा, ओबडधोबड. आत वाटीसारखी पोकळी आणि तिच्यात दाटीनं उगवलेले जांभळे स्फटिक. बाबांनी तो टेंभेकरांपुढे ठेवला. मग भिंतीकडे जाऊन एक धुळकट बाटली आणली.

"ओळखलीस? तुझीच."



बाबांनी बूच फिरवलं. दारू त्या पोकळीत ओतली. जांभळ्या दातांवरून ती चकाकत खाली उतरली, आणि वास सुटला.

"घे."

"बाबा... थट्टा करताय?"

"खड्याचाच प्याला आहे. बोटातल्यापेक्षा शंभरपट मोठा. चढायची नाही म्हणतोस ना? मग पी."

टेंभेकरांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते त्यांना कळलं, आणि बाबांनाही कळलं. उजवा हात गोट्याकडे गेला. काठाला बोटं लागली...

बाबा सुईत दोरा ओवत होते.

"नको!"

टेंभेकरांनी गोटा असा ढकलला की तो कलंडून घरंगळत गेला. दारू मुरमात जिरली. ते धापा टाकत उभे राहिले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"बघितलंत?" ते म्हणाले. आवाजात पुन्हा वर्गातला जोर आला. "फिका पडला, तरी ताकद आहे अजून खड्यात! यानंच वाचवलं!"

आणि सवयीनं त्यांचा अंगठा अंगठी चाचपायला गेला.

बोट रिकामं होतं.

बाबांनी खिशातून अंगठी काढून तळहातावर धरली.

खाणीत कुठेतरी पारवे घुमत होते.

"मग..." टेंभेकरांचा आवाज खाली आला. "मग उद्या मांडवात काय घालून जाऊ, बाबा?"

बाबांनी गोधडी पुन्हा मांडीवर ओढली.

"फेटा," ते म्हणाले. "चांगला तुऱ्याचा बांध."