कमानीबाहेरची बाई

“मग काय, मी तिला आत येऊ द्यायला हवं होतं का, गुरुजी?”

सेईगोच्या आवाजात प्रश्नापेक्षा तक्रारच जास्त होती. ओसाकाच्या गजबजलेल्या व्यापारी पेठेत, एक बँक आणि एक औषधांचं दुकान यांच्या मधोमध अंग चोरून बसलेल्या एवढ्याशा शिंतो देवळात तो पूजाविधी शिकायला राहिला होता. नियम त्याला तोंडपाठ होते, आणि ते तो कुणाला विसरूही देत नसे.

म्हातारे पुजारी कुनिमोतोंनी हातातली सुई खाली ठेवली.

मग सेईगोनेच सगळं सांगितलं. थोड्या वेळापूर्वी काळ्या कपड्यांतली एक बाई देवळाच्या लाल कमानीपाशी आली. दूरच्या खेड्यातून आली होती, संध्याकाळच्या गाडीने परत जायची होती. तिच्या घरी नुकतंच कुणीतरी गेलं होतं. सुतकाचे पन्नास दिवस कमान ओलांडायची नसते, म्हणून त्याने तिला बाहेरच थांबवलं. देवासमोर एकदा उभं राहू द्या, पुन्हा माझं येणं होणार नाही, असं ती विनवत राहिली. तो नियम समजावत राहिला. शेवटी हातात होतं ते त्याच्यापाशी देऊन ती निघून गेली.

“काय दिलं?”

सेईगोने वापरून मळलेला एक कापडी ताईत पुढे केला. ताईत याच देवळातला होता. कामावरून सुखरूप घरी परतता यावं म्हणून समोरच्या ऑफिसांतली पोरं तो घेऊन जात. कुनिमोतो ते स्वतःच्या हाताने शिवत.

कुनिमोतो तसेच अनवाणी कमानीबाहेर धावले. पण ऑफिसं सुटली होती. रस्ताभर काळे कोटच काळे कोट, मान खाली घालून स्टेशनकडे चाललेले... त्यांत सुतकातली बाई कुठली ओळखू येणार?

परतले तेव्हा ते पार खचलेले दिसत होते. त्यांनी एक कोरा पांढरा कागद घेतला, खळ लावली आणि गाभाऱ्याच्या बंद दारावर चिकटवला.

सेईगो हादरला. घरात कुणी गेलं की तिथले लोक देव्हाऱ्यावर असा कागद लावतात आणि सुतक फिटेपर्यंत काढत नाहीत. पण तो घरच्या देव्हाऱ्यावर. देवळाच्या दारावर त्याने कधी पाहिला नव्हता.

“गुरुजी... आपल्याकडे कोण गेलं?”

कुनिमोतोंनी ताईत दारापाशी ठेवला. ते पाठमोरेच म्हणाले,

“ते तू तिला विचारायला हवं होतंस.”