ठकूमायचा घोट

फार वर्षांपूर्वी, निंबुळ्याच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि माणसाला माणसाची लाज होती, तेव्हाची ही गोष्ट, असं आमचे म्हातारे सांगतात. पूल नव्हता हे खरं. लाजेचं तुम्हीच ऐकून ठरवा. ही गोष्ट सांगताना म्हातारी माणसं मधला एक भाग चटकन गिळतात आणि थेट चमत्कारावर येतात. कारण तो भाग त्यांच्याच आज्यापणज्यांचा आहे. मी तो गिळणार नाही.

निंबुळ्यात ठकूमाय नावाची हाडवैदीण होती. जन्मली ती पायांकडून. पायाळू माणसाच्या हाताला गुण असतो म्हणतात, पण ठकूमायचा गुण कानात होता. मोडलेल्या हातावर ती कान टेकायची आणि हाड तिच्याशी बोलायचं. बैलाचं, बकरीचं, बाळंतिणीचं, कुणाचंही. एकदा आभाळातून पडलेल्या घारीचा पंख तिनं बसवला, आणि ती घार पुढं रोज तिच्या छपरावर सरपणाची काटकी आणून टाकायची, असं म्हणतात. तोंडाची मात्र फटकळ. तंबाखूची पिचकारी आणि शिवी एकाच दमात सुटायची. लंगडत आलेला पाटीलसुद्धा तिच्या दारात आधी पायताण काढायचा.

तिला सासूनं एक नेम घालून दिला होता. हाड बसवायचं, ते कसं मोडलं हे विचारायचं नाही. विचारलं की घरातलं बाहेर येतं, आणि मग माणसं दारात येत नाहीत. ठकूमायनं हा नेम जन्मभर पाळला. बायका हात धरून यायच्या आणि जिन्यावरून पडले म्हणायच्या. गावात एकाही घराला जिना नव्हता. ठकूमाय उडदाच्या पिठाचा लेप लावायची, बांबूच्या कांब्या बांधायची आणि गप्प बसायची.

आता मलू. सुभाना पैलवानाचा पोरगा, नऊ वर्षांचा.

चैत्रातल्या जत्रेत लाल मातीच्या हौद्यात कुस्त्या लागायच्या. थोरामोठ्यांच्या आधी पोराटोरांच्या, त्या रेवड्यांवरच्या. जिंकलेल्याला मूठभर रेवड्या, पडलेल्यालाही मूठभर. मलू हौद्यात उतरला की लोक जेवण टाकून यायचे, कारण हे पोरगं कुस्ती खेळताना हसायचं. पाडलं तरी हसायचं, पडलं तरी हसायचं. मातीनं कानात गुदगुल्या होतात म्हणायचं. त्याचं हसू असं पसरायचं की हलगीवाल्याचा ठेका चुकायचा आणि देवळावरची कबुतरं उडायची, असं म्हणतात.

आणि तो सगळ्यांना पाडायचा. हेच नडलं.

सुभाना स्वतः कधीकाळी ओढ्यापलीकडच्या पाचुंडी गावात चितपट झाला होता. तेव्हापासून तो फेटा भुवयांपर्यंत ओढून चालायचा. पोराची कुस्ती बघून त्याचा फेटा वर सरकला. "माझी पाठ लागली ती लागली," तो पारावर म्हणाला, "माझ्या पोराची लागायची न्हाई." पारावरच्या शहाण्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकाही पांढऱ्या मिशीला वाटलं नाही की म्हणावं, सुभाना, पोरगं अजून दात पडायच्या वयाचं आहे.

मग मलूच्या गोट्या बंद झाल्या. ओढ्यात डुंबणं बंद, रेवड्या बंद. पहाटे उठून जोर, बैठका, पुन्हा जोर. जिंकला तर सुभाना त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचा. हरला तर मारायचा नाही. आमचे म्हातारे हे फार कौतुकानं सांगतात, की सुभानानं पोराला कधी बोट लावलं नाही. बोट लावलं नाही, बरोबर. तो भिंतीकडं तोंड करून जेवायचा. एकदा हरलं पोरगं की चार-चार दिवस पाठ. मलू त्या पाठीकडं बघत घास गिळायचा. त्याची आई कोंडा हे बघायची आणि भाकरी थापायची. भाकऱ्या चांगल्या व्हायच्या, असं म्हणतात.

मलूचं हसू कधी थांबलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हलगीचा ठेका नीट पडायला लागला, एवढंच.

पहिल्यांदा खांदा निखळला तेव्हा ठकूमायनं तो बसवला. "अमावास्या सरेस्तोवर हात गळ्यात," ती म्हणाली. सुभानानं दोन दिवसांत फडकं सोडलं. दुसऱ्यांदा निखळला, पुन्हा बसवला. या खेपेला तिनं कान टेकला तेव्हा हाड काहीतरी बोलू लागलं. ठकूमायनं कान काढून घेतला. नेम होता ना.

मग ती जत्रा आली. निंबुळ्याचा मलू आणि पाचुंडीचा दादू, दोघं एका वयाचे, आणि कुस्ती निकाली. म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत सोडवायची नाही. रेवड्यांचं नाव नाही. दोन्ही गावं हौद्याभोवती दाटली. दादूचा बाप एका काठावर, सुभाना दुसऱ्यावर. हलगी कडाडली आणि झोंबाझोंबी सुरू झाली.

थोड्याच वेळात मलूचा खांदा सुटला. ओरडला नाही पोरगा. ओठ दाबून तसाच उभा राहिला, हात खांद्यापासून भलतीकडं लोंबत होता. दादूनं ते बघितलं आणि पकड सोडून मागं सरला.

"ह्येचा हात निघालाय," दादू म्हणाला. "मी न्हाई खेळत."

ऐका आता. हाच तो भाग.

हौद्यात दोन पोरं होती आणि दोघांनाही कळलं होतं की आता थांबायचं. काठावर दोन गावं होती, लग्नं लावणारी, पंचायती करणारी, देवाला कौल लावणारी. त्यातल्या एकालाही कळलं नाही. दादूचा बाप गरजला, "त्योच हात धर! त्योच!" पाचुंडीवाले ओरडले, "धर! धर!" आमचे निंबुळ्याचे काय म्हणाले? थांबवा म्हणाले? ते ओरडले, "मलू, एका हातानं लढ!" आणि सगळ्यांत मोठा आवाज सुभानाचा. "माझं नाव घालवू नगंस!"

दादूनं बापाकडं बघितलं. तो रडत होता. रडत रडतच त्यानं तो हात धरला.

काडी मोडल्यासारखा आवाज झाला. एवढासा. पण तो निंबुळ्यात ऐकू गेला, पाचुंडीत ऐकू गेला, गोठ्यातली जनावरं दावणीला उभी राहिली, असं म्हणतात. हलगी थांबली. आणि तरीही काठावरून कुणीतरी म्हणालं, "अजून पाठ लागली न्हाई!"

मलू उठला. खरंच उठला. समोर दादू होता, पण त्याच्याकडं बघितलं नाही. बापाकडं बघितलं, आणि मग मातीत बसला.

हौद्यात बाईमाणसाचा पाय पडायचा नाही, अशी रीत होती. ठकूमाय ती रीत तुडवत आत आली. एका पंचानं हात आडवा केला, तर म्हणाली, "हो बाजूला, मुडद्या, न्हाईतर तुझाबी लोंबता करीन." मलूजवळ ती बसली आणि तिनं हातावर कान टेकला. बराच वेळ टेकला. मग मान वर करून तिनं जन्मात पहिल्यांदा विचारलं:

"ह्ये कुणी मोडलं?"

"दादूनं!" निंबुळ्याचे म्हणाले.

"हाड तसं म्हनत न्हाई," ठकूमाय म्हणाली. आणि तिनं मलूचा हात दोन्ही हातांत धरून ओढला.

किंकाळी उठली. पण मलू गप्प होता. ओरडला सुभाना. उजवा खांदा धरून तो धाडकन काठावर पडला. पाठोपाठ दादूचा बाप. पाठोपाठ ते सगळे, जे जे ओरडले होते, ज्यानं जेवढा आवाज काढला तेवढ्या मापानं. फेटे सुटले, मिशा मातीत गेल्या. "अजून पाठ लागली न्हाई" म्हणणारा पाठीवरच लोळत होता. ठकूमाय हाड जुळवत होती, पोर तिच्याकडं टकामका बघत होतं, आणि दोन गावं बोंबलत होती.

"दुखतंय का रं?" तिनं विचारलं.

"न्हाई. बा का वरडतोय?"

"तुझं दुखणं तिकडं गेलंय. मला सांग, खांदा सुटला तवा बोलला का न्हाईस?"

मलूनं जरा विचार केला. "बोललो आस्तो तर कुस्ती सुटली आस्ती," तो म्हणाला. "मग बा भित्ताडाकडं तोंड करून जेवला आस्ता."

ठकूमायनं कपाळावर हात मारून घेतला. "मागल्या खेपेला हे हाड माझ्याशी बोलाय आलं," ती म्हणाली, "आनि मी कान काढून घेतला. मीबी तुमच्यातलीच."

बाकीच्यांचे खांदे दिवेलागणीपर्यंत ठणकून थांबले. दादूच्या बापाचा आठवडाभर ठणकला. सुभानाचा थांबेना. तो तिच्या दारात आला, तर म्हणाली, "तुझं हाड जाग्याला हाय. ठणका पोराचा हाय. पोरगं पुन्हा हसंल तवा जाईल."

झालं! सुभाना हसू मिळवायच्या मागं लागला. आणि कसा? तर जोर-बैठकांसारखा. जत्रेतून भिंगरी आणली आणि पोरासमोर उभा राहिला. "हस की रं!" माकडासारखी तोंडं केली. "आता तरी हस!" शेजारच्यांची पोरं आणून म्हणाला, "बघ, ती कशी हसत्यात!" मलू घाबरून दात दाखवायचा, आणि सुभानाचा खांदा दुप्पट ठणकायचा.

शेवटी तो रडत गेला तेव्हा ठकूमायनं त्याला तांब्या दिला. "ह्यातला घोट तोंडात घे. गिळायचा न्हाई, थुकायचा न्हाई. पोर खेळतंय तिथं जा आनि बस. बस म्हंजे नुसता बस."

सुभाना ओढ्याकाठी जाऊन बसला. गाल फुगलेले. मलू वाळूत एकटाच रेघोट्या ओढत होता. तेवढ्यात पलीकडून पाण्यातून कुणी आलं. दादू. त्यानं मलूच्या गळ्यातल्या हाताकडं बघितलं, डोक्याचा पटका सोडला, आणि स्वतःचा उजवा हात पाठीमागं बांधून घेतला. दातांनी गाठ मारली.

"खेळतूस?" दादू म्हणाला.

एकेका हाताची कुस्ती कशी असते? दोन खेकडे भांडावेत तशी. मलूनं पाय घातला, चुकला. सुभानाचे डोळे बाहेर आले. पट काढ, अरे पट काढ, सगळं तोंडाशी आलं, पण तोंडात पाणी होतं. नाकातून फुरफुरला, मांडीला चिमटे काढले, पण घोट सोडला नाही. मलू पालथा पडला, कानात वाळू गेली.

आणि तो हसला.

कबुतरं उडाली, असं म्हणतात. मला त्या कबुतरांचं काही पडलेलं नाही. ठणका गेला आणि सुभानानं तो घोट गिळला. पोर धापा टाकत समोर येऊन उभं राहिलं. हरलो, असं सांगणार होतं. त्याआधीच बाप म्हणाला, "भूक लागली का रं?"

त्या दिवशी दादूला धरून तिघं जेवले, एकमेकांकडं तोंड करून.

म्हातारे सांगतात, मलूचा हात पुढं सरळ झाला. खोटं आहे. हात जन्मभर वाकडाच राहिला. त्या हातानं त्यानं पुढं गावच्या पोरांना पोहायला शिकवलं, पण तो वाकडाच होता, आणि तो तसाच सांगायला पाहिजे.

ठकूमाय गेली तेव्हा तिच्या राखेत एकही हाड सापडलं नाही. ती हाडं हौद्याच्या मातीत उतरली, असं म्हणतात.

निंबुळ्यात आजही चैत्रात जत्रा भरते. पोरांच्या कुस्त्या आधी लागतात, रेवड्यांवर, पडलेल्यालाही मूठभर. हौद्यावर एक तांब्याची घागर फिरते. ज्याचं पोर उतरणार त्या आईबापानं ठकूमायचा घोट तोंडात धरायचा आणि कुस्ती संपेपर्यंत गाल फुगवून बसायचं. पोरगं कधीही "बास" म्हणालं की हलगी थांबते. मग घोट गिळायचा, आणि पहिला शब्द बोलायचा तो भुकेचा. कोण जिंकलं हे जेवण होईपर्यंत कुणी काढत नाही.

गेल्या साली बाहेरून आलेला एक पाहुणा म्हणाला, असल्या खुळचट रिती मी मानत नाही. त्यानं घोट थुंकला आणि पोराला ओरडला, "धर त्याला!" दुसऱ्याच क्षणाला त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला आणि तोंड वाकडं झालं. काय झालं विचारलं, तर म्हणाला, काही नाही, थंडीनं अवघडलंय.

चैत्राचं ऊन होतं. दगड तापले होते.