बुवांचा एक प्रहर

“उद्या बुवांना अन्नछत्रात एक प्रहर थांबवून दाखव, नाहीतर परवा तिथल्या चुली उचल!” महाराज जयकर्णांनी भर दरबारात हुकूम सोडला.

हुकूम होता तुळसाला. नदीकाठच्या अन्नछत्रात ती स्वयंपाक करायची. आंधळी, पांगळी, थकलेली सव्वाशे माणसं रोज तिथं जेवायची. आणि त्या जागेवर राजगायक रत्नकंठबुवांना आपल्या गाण्याचा मंडप हवा होता!

बुवांचं नाव राज्यभर गाजलेलं. कुठं विहीर खोदली, कुठं धर्मशाळा उघडली, की बुवा हवेतच. बुवाही जायचे. मेण्यातून उतरायचे, हसायचे, सोबतचा चित्रकार चेहरा काढेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा मेण्यात! तेवढ्यावर ‘दानशूर’ ही पदवीसुद्धा मिळवून बसले होते.

“महाराज, मी स्वतः दर महिन्याला तिथं वाढतो,” बुवांनी दरबारात सांगितलं होतं. “जेवायला असतात चार टाळकी. जागा वाया चालली आहे!”

“बुवा येतात खरे,” तुळसा ताडकन म्हणाली होती, “पण डाव आमटीत बुडायच्या आत जातात!”

दरबार हसला. महाराज चिडले. आपल्या आवडत्या गवयाला कुणी हसलेलं त्यांना खपत नसे. म्हणूनच हा हुकूम निघाला होता. वर अटी होत्याच. “हात धरायचा नाही, दार लावायचं नाही, विनवणी करायची नाही. बुवा आपल्या मर्जीनं थांबले पाहिजेत!”

बुवा मिशीत हसले. “उद्या मला पाच ठिकाणी जायचंय, बाई. दरबारात लावायचं चित्र तुझ्याकडं काढायचंय, तेवढ्यापुरता येईन.”

घरी परतताना तुळसाच्या मनात एकच विचार होता. चुली उचलल्या, तर सव्वाशे माणसांनी जायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी चित्रकार भानजी सकाळीच आला, कागदाची भली मोठी गुंडाळी घेऊन. तुळसानं त्याच्यापुढं गरम भाकरी आणि पिठलं ठेवलं. भानजी बघतच राहिला.

“दोन वर्षं बुवांचं दान काढतोय,” तो म्हणाला, “पण मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मागच्या थंडीत बुवांनी चार गावांत घोंगड्या वाटल्या. चारी चित्रांत घोंगडी एकच! चित्र झालं की घेणाऱ्याच्या अंगावरून काढून घ्यायचे.”

तुळसानं त्याला आणखी एक भाकरी वाढत विचारलं, “चित्रात आधी काय काढता?”

“बुवांचा चेहरा. तो झाला की ते निघतात.”

“आणि आज तो शेवटी काढलात तर?”

भानजीचा घास हातातच राहिला. मग तो खदखदून हसला.

दुपारी बुवांचा मेणा आला. वेळ मोजायला राजाचा कारकून घटकापात्र घेऊन बसलाच होता. बुवांनी डाव हातात धरला, मान तिरकी केली आणि म्हणाले, “हं, काढ लवकर!”

“आधी पंगत काढतो, बुवा,” भानजी म्हणाला. “जेवणारे नसले तर दान कुणाला केलं, हे कळणार कसं?”

“मग काढ की!”

“पण पानं रिकामी आहेत. चित्रात दिसेल, की बुवांनी सव्वाशे माणसं उपाशी बसवली!”

बुवा दचकले. दरबारात कायमचं लागणारं चित्र! “वाढा रे कुणीतरी!” ते ओरडले.

“आणि वाढणारा हात दुसऱ्याचा?” भानजीनं भुवया उंचावल्या.

झालं! बुवा वाकले. भात वाढला, आमटी ओतली. एक पान भरलं, भानजीनं एक तोंड काढलं. दुसरं भरलं, दुसरं काढलं. बुवांचा जरीचा शेला आमटीत भिजला, कंबर धरली, घाम नाकावरून ओघळला. तेवढ्यात एक आंधळे आजोबा खेकसले, “कोण रे हा नवा वाढपी? हात आखडता का घेतोस? ओत की!”

“मी रत्नकंठ आहे!”

“असशील! आधी भात आण!”

पंगतीत हसू पसरलं. बुवा दात-ओठ खात भाताकडं वळले. तुळसा चुलीपाशी मुकाट बसून होती. तिनं त्यांना अडवलं नाही की विनवलं नाही. शेवटचं पान भरलं, तेव्हा कारकून ओरडला, “प्रहर उलटून गेला!”

“आता तुम्ही, बुवा,” भानजी म्हणाला. बुवांनी घाईघाईनं तोंड पुसलं, हसले. भानजीनं चार रेघा ओढल्या आणि कागद गुंडाळला. “रंग भरून उद्या दरबारात आणतो!”

दुसऱ्या दिवशी दरबारात चित्र उलगडलं. सव्वाशे तोंडं, सव्वाशे भरलेली पानं! महाराज जवळून, लांबून बघत राहिले.

“एवढी माणसं जेवतात तिथं? चार टाळकी म्हणाला होतात ना, बुवा?” मग त्यांनी डोळे बारीक केले. “पण यात बुवा कुठं आहेत?”

कागदाच्या अगदी कडेला, मनगटापर्यंतचा एक हात होता. हातात डाव.

“माझं तोंड कुठं आहे?” बुवा किंचाळले.

तुळसा हात जोडून पुढं आली. “महाराज, जेवढे बुवा कामाला आले, तेवढे काढले!”

महाराजांनी तिच्याकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, आणि ते असे हसले की डोक्यावरचा मंदील घसरला. सगळा दरबार हसायला लागला. बुवा तेवढे खांबाआड सरकले.

“जिंकलीस!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “ती जागा अन्नछत्राला कायमची, ताम्रपटावर लिहून! दरसाल शंभर पोती धान्य माझ्या कोठारातून! आणि दर अमावास्येला बुवा तिथं वाढायला येतील!”

“तेवढं सोडून सगळं द्या, महाराज!” तुळसा घाईनं म्हणाली. “काल निम्मी आमटी यांनी जमिनीवरच सांडली!”

महाराज पुन्हा पोट धरून हसले आणि हसता हसताच त्यांनी ताम्रपटाचा मसुदा लिहायला सांगितला.